विकासदर वाढला, मग गल्ला का वाढला नाही?

रमजानचा शेवटचा पंधरवडा हा कापड, चप्पल, भांडी आणि शिलाईकाम करणाऱ्यांचा वर्षाचा मुख्य हंगाम. या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तरीही गेल्या काही वर्षांत ईद झाल्यावर दुकानदारांशी बोलायला बसलो की एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येते. "गिऱ्हाईक आले, पण खरेदी आटोपशीर करून गेले." पूर्वी घरातल्या सर्वांना कपडे घेणारा आता मुलांपुरते घेतो. दोन चादरी घेणारा एका चादरीवर भागवतो. घासाघीस जास्त, पिशवी हलकी.

दुसरीकडे वर्तमानपत्रे सांगतात की देश वेगाने पुढे जात आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे देशाचे उत्पन्न २०२३-२४ साली ९.२ टक्क्यांनी आणि २०२४-२५ साली ६.५ टक्क्यांनी वाढले. जगातल्या मोठ्या देशांत असा वेग फार थोड्यांचा आहे. मग प्रश्न पडतो की ही वाढ नेमकी जाते कुठे? आपल्या गिऱ्हाइकाच्या खिशात ती का दिसत नाही?

यावर दोन उत्तरे ताबडतोब दिली जातात. एकजण म्हणतो, सरकारी आकडे सगळे खोटे. दुसरा म्हणतो, आकडे खरे आहेत, तुम्हालाच धंदा करता येत नाही. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. व्यापाऱ्याने हिशेब मांडून बोलावे, म्हणून या प्रश्नाचाही आपण हिशेबच मांडू या.

जमेची बाजू

प्रथम जमेची बाजू लिहिली पाहिजे. जुलै १९९१ मध्ये त्या वेळचे अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि परवाना-पद्धत मोडीत निघू लागली. त्याआधीचे दिवस आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे आणि स्कूटरसाठीही तीच गत होती. आज रिक्षावाल्यापासून रंगाऱ्यापर्यंत सर्वांच्या हातात मोबाईल आहे आणि त्यावर गिऱ्हाइकाचे पैसेही जमा होतात.

पोटाचा हिशेबही सुधारला आहे. १९९९-२००० साली खेड्यातले कुटुंब आपल्या खर्चापैकी सुमारे ५९ टक्के आणि शहरातले कुटुंब सुमारे ४८ टक्के रक्कम खाण्यापिण्यावर घालवीत असे. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे ४७ आणि सुमारे ४० टक्क्यांवर आले. ज्या घराची बहुतेक कमाई पोटातच जाते, ते घर गरीब. त्या दृष्टीने देशातली गरिबी कमी झाली हे मान्य केले पाहिजे. वाढीचा फायदा सामान्य माणसाला मुळीच झाला नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

स्वस्त काय झाले, महाग काय झाले?

पण खाण्यावरचा खर्च कमी झाला म्हणजे उरलेला पैसा बाजारात येतो, असा समज करून घेणे चुकीचे आहे. येथेच खरी मेख आहे.

या तीस-पस्तीस वर्षांत कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तू कमाईच्या मानाने स्वस्त झाल्या. टीव्ही, पंखा, घड्याळ, मोबाईल हे सर्व आता साध्या घरातही आहे. परंतु ज्या गोष्टी कारखान्यात तयार होत नाहीत, त्या महाग होत गेल्या. शाळा, शिकवणी, दवाखाना, घराचे भाडे, गावातली जमीन. थोडक्यात सांगायचे तर, ज्यावाचून महिनाभर थांबता येते ते स्वस्त झाले आणि ज्यावाचून एक दिवस थांबता येत नाही ते महाग झाले.

आता एका घराचा हिशेब करू. २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे शहरात माणसामागे महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये होता. म्हणजे पाच माणसांच्या घराचा महिन्याचा खर्च सुमारे ३५ हजार झाला. त्यातले जवळजवळ १४ हजार खाण्यापिण्याचे. शिक्षणाची २०२५ ची सरकारी पाहणी सांगते की सरकारी शाळेत एका मुलामागे वर्षाला सरासरी २,८६३ रुपये खर्च येतो, तर बिगर-सरकारी शाळेत २५,००२ रुपये. खासगी शाळेत जाणारी दोन मुले धरली तर महिन्याला चार हजारांवर गेले. याच पाहणीत देशातली २७ टक्के मुले शिकवणीला जात असल्याचे आढळले, तो खर्च वेगळा. राहिलेल्या १७ हजारांत भाडे, वीजबिल, गॅस, पेट्रोल, मोबाईलचे पैसे, कर्जाचा हप्ता, औषधपाणी आणि पाहुणेरावळे. हे सरासरीचे आकडे आहेत, प्रत्येक घराचा हिशेब थोडाफार वेगळा असणार. पण अंदाज यायला एवढे पुरे आहे.

हे सगळे भागवून शेवटी जे उरते, त्यातून कपडा, चप्पल, चादर, भांडे, कपाट आणि दागिना घेतला जातो. म्हणजे आपण जे बनवतो आणि विकतो, ते सर्व या शेवटच्या रकान्यात आहे. शाळेची फी पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही, आजारी आईचे औषध ढकलता येत नाही. नवा सदरा मात्र सहज ढकलता येतो. आपला धंदा उरलेल्या पैशावर चालतो, ही गोष्ट आपण नीट ओळखली पाहिजे. विकासदर कितीही असो, घरात उरणारा पैसा वाढला नाही तर आपला गल्ला वाढणार नाही.

कमाईचे काय झाले?

खर्च वाढला तरी कमाई त्याहून जास्त वाढली असती, तर तक्रार राहिली नसती. पण तसे झाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनेच संसदेपुढे ठेवलेल्या आर्थिक पाहणीत पुढील आकडे आहेत. महागाई वजा करून पाहिले तर पगारदार पुरुषाची महिन्याची सरासरी कमाई २०१७-१८ साली १२,६६५ रुपये होती, ती २०२३-२४ साली ११,८५८ रुपये झाली. स्वतःचा धंदा किंवा शेती करणाऱ्या पुरुषाची कमाई ९,४५४ वरून ८,५९१ रुपयांवर आली. रोजंदारीवरच्या मजुराचे उत्पन्न मात्र थोडे वाढले. तळाच्या माणसाला काही मिळाले ही चांगली गोष्ट आहे. पण मधला माणूस, म्हणजे दुकानदार, कारागीर, कारकून आणि खासगी शाळेतला मास्तर, सहा वर्षांत जागच्या जागीही राहिला नाही. तो थोडा खाली आला.

मग वाढ कोणाकडे गेली? त्याच आर्थिक पाहणीत म्हटले आहे की २०२३-२४ साली मोठ्या कंपन्यांचा नफा देशाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात पंधरा वर्षांतल्या सर्वांत वरच्या पातळीला पोचला. त्या वर्षी कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांच्याकडील नोकऱ्या अवघ्या दीड टक्क्याने. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने कंपन्यांवरील कराचा दर ३० वरून २२ टक्के केला होता, त्याचाही त्यांना हातभार लागला. कंपनीने नफा करू नये असे कोणी म्हणणार नाही. नफा हा व्यापाराचा हेतूच आहे. पण नफा वाढून पगार व मजुरी वाढत नसेल, तर त्याच कंपन्यांचा माल उद्या कोण विकत घेणार, हा प्रश्न खुद्द सरकारच्या पाहणीलाही पडला आहे.

बचतीकडे पाहिले तरी हेच दिसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे घरांची निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१ साली देशाच्या उत्पन्नाच्या ११.५ टक्के होती. लॉकडाऊनमध्ये खर्चच बंद होता, म्हणून ते वर्ष बाजूला ठेवू. पण २०२२-२३ साली ती ५.१ टक्क्यांवर आली, ही कित्येक दशकांतली सर्वांत खालची पातळी. त्याच वर्षी घरांनी घेतलेले नवे कर्ज मात्र ५.८ टक्क्यांपर्यंत चढले. त्यातला काही भाग घर बांधण्यासाठी गेला हे खरे, आणि पुढे बचत थोडी सुधारलीही. तरीही भिशीचा हप्ता चुकू लागला किंवा बायकोचा दागिना गहाण पडू लागला की घराची काय स्थिती आहे, हे सांगायला रिझर्व्ह बँकेची गरज नाही.

आकड्यात आपण कुठे आहोत?

देशाच्या उत्पन्नाची मोजणी कशी होते, हे व्यापाऱ्याने थोडे तरी जाणून घ्यावे. वर्षभरात जो माल तयार झाला आणि जी सेवा विकली गेली, तिची किंमत त्यात धरतात. तो पैसा कोणाच्या घरातून कोणत्या कारणाने गेला, हे त्यात पाहिले जात नाही. समजा, एका शिंप्याच्या घरात आजारपण आले आणि खासगी दवाखान्याचे बिल ८० हजार झाले. ते ८० हजार देशाच्या उत्पन्नात मोजले जातात. शिंप्याच्या घरी मात्र त्या वर्षी मशीन बदलायचे राहून गेले, मुलीचे लग्न पुढे गेले आणि ईदची खरेदी झाली नाही. देशाच्या वहीत जमा आणि घराच्या वहीत नावे, असा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट अशी की तिमाहीचे आकडे तयार करताना कंपन्यांचे ताळेबंद, करवसुली, वाहनांची विक्री यांचा आधार घेतला जातो. गल्लीतल्या आठ मागांचा किंवा टपरीवजा दुकानाचा हिशेब तेवढ्या लवकर दिल्लीला पोचत नाही. तेव्हा मोठ्यांची चाल पाहून छोट्यांचीही तीच चाल असेल, असे धरावे लागते. आणि हे छोटे काही थोडेथोडके नाहीत. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत शेतीबाहेरचे असे ७ कोटी ३४ लाख लहान उद्योग-दुकाने मोजली गेली आणि त्यांत १२ कोटींवर माणसे काम करीत होती. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी आणि मार्च २०२० चा लॉकडाऊन हे तिन्ही धक्के याच लोकांना जास्त बसले.

आपल्या समाजाला या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे. २००६ साली सच्चर समितीने दाखवून दिले की मुसलमानांत पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून जास्त आहे आणि बँकांकडून त्यांना मिळणारे कर्ज मात्र कमी आहे. तेव्हा छोट्या धंद्याची कमाई घसरली की तिचा चटका आपल्या मोहल्ल्यात आधी लागतो.

यंत्रमागाचा दाखला

उदाहरणासाठी भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीकडे पाहू. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव-भिवंडीला हा धंदा रुजवला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे काम यंत्रमागांकडे आले. देशाचे कापड-उत्पादन वाढले, गावे वाढली, इमारती उठल्या. पण मागवाल्याची बाजू पाहा. सूत घेताना पैसे बहुधा रोख किंवा थोड्या दिवसांच्या मुदतीने द्यावे लागतात आणि कापड विकल्यावर ते महिनोन्‌महिने अडकतात. सुताचा भाव सकाळ-संध्याकाळ बदलतो, कापडाचा भाव व्यापारी ठरवतो. विजेचे बिल ठरलेल्या तारखेला येतेच. कापडाचे मीटर वाढले तरी मीटरमागे सुटणारे पैसे घटले, तर उत्पादनवाढीचा आकडा त्याच्या चुलीपर्यंत पोचत नाही.

कराचाच दाखला घ्या. २०१७ पासून कृत्रिम धाग्याच्या सुतावर १२ टक्के आणि त्याच्या कापडावर ५ टक्के जीएसटी होता. कच्च्या मालावर जास्त कर आणि तयार मालावर कमी, असा उलटा प्रकार असल्यामुळे मागवाल्याचे भांडवल कराच्या खात्यात अडकून पडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुतावरचा कर ५ टक्के करून ही चूक दुरुस्त झाली. स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्याला आठ वर्षे लागली आणि आठ वर्षांत किती माग भंगारात गेले असतील, याचा विचार व्हावा.

आपण काय मागावे?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या व्यापारी संघटना कलेक्टरकडे जातात त्या विजेचा दर, जीएसटी आणि रस्त्यावरचे अतिक्रमण हे विषय घेऊन. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु नगरपालिकेची शाळा नीट चालवा, सरकारी दवाखान्यात औषध ठेवा, अशी मागणी घेऊन व्यापारी संघटना गेल्याचे आम्ही क्वचितच ऐकतो. तो विषय समाजसेवकांचा, असे आपण धरून चालतो. ही आपली मोठी चूक आहे.

वर दिलेला आकडा पुन्हा पाहा. सरकारी आणि बिगर-सरकारी शाळेच्या खर्चात एका मुलामागे वर्षाला २२ हजारांवर फरक आहे. दोन मुलांचे ४४ हजार झाले. गावातल्या पालिकेच्या शाळा अशा झाल्या की आई-बाप विश्वासाने मुलांना तेथे घालतील, तर हे ४४ हजार एका घरात मोकळे होतात. त्यातले थोडे बचतीत जातील, बाकीचे बाजारात येतील. सदऱ्याला, चपलेला, कपाटाला आणि घराच्या डागडुजीला येतील. कोणत्याही सेलमध्ये किंवा जाहिरातीत एवढी ताकद नाही.

दवाखान्याचेही तसेच. देशातल्या आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी लोकांना स्वतःच्या खिशातून द्यावा लागणारा वाटा २०१३-१४ साली ६४ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९ टक्क्यांवर आला. म्हणजे सरकारने मनावर घेतले तर फरक पडतो. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण सर्व कुटुंबांना देऊन ते ५ लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२३ साली झाला. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या ठराविक उपचारांसाठी आहे. रोजची रक्तदाब-मधुमेहाची गोळी आणि तपासण्यांचा खर्च घरावरच राहतो. तो कमी व्हायचा तर गावचा सरकारी दवाखाना चांगला चालला पाहिजे. शाळा आणि दवाखाना हे व्यापाराचे प्रश्न आहेत, हे आपण एकदा मनाशी पक्के करावे.

आणि आपण काय करावे?

सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, दुकानाचा आणि घराचा हिशेब वेगळा ठेवा. गल्ल्यातून घरखर्च काढत राहिलो की धंदा तोट्यात आहे की घर जास्त खर्च करते आहे, हेच कळत नाही. महिन्याला घरासाठी ठराविक रक्कम घ्यावी आणि ती लिहावी.

दुसरी, अडकलेला पैसा मागायला शिका. माल तयार करणाऱ्या लहान उद्योगाने उद्यम नोंदणी केली असेल, तर खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या करआकारणी-वर्षापासून तर मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात दाखवता येत नाही. नोंदणी विनामूल्य आहे, दलालाला पैसे देऊ नका. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला थकबाकीबाबतचे हे संरक्षण नाही, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट थोडी कडू वाटेल. आपण कंपन्यांना नावे ठेवतो की त्या नफा घेतात आणि मजुरी वाढवत नाहीत. आपल्या मागावरच्या, भट्टीवरच्या, शिलाईच्या मशीनवरच्या कारागिराची मजुरी आपण शेवटची कधी वाढवली? तो कारागीर शेजारच्या गल्लीतल्या दुकानाचा गिऱ्हाईक असतो आणि शेजारच्या गल्लीतला कारागीर आपला. प्रत्येकाने आपल्या माणसाला कमी द्यायचे आणि दुसऱ्याच्या माणसाने आपल्याकडे भरपूर खरेदी करावी अशी अपेक्षा धरायची, हा व्यवहार जमणारा नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती जशी ईमानाची आहे तशी धंद्याच्याही फायद्याची आहे.

तात्पर्य, आर्थिक वाढ वाईट नाही आणि ती खोटीही नाही. ती नसती तर आजच्यापेक्षा वाईट दिवस असते. पण तिचा फायदा सामान्य घराला आपोआप मिळत नाही. कमाई किती, अटळ खर्च किती आणि महिनाअखेर हातात उरले किती, यावर तो ठरतो. पुढच्या वेळी विकासदराची बातमी वाचाल तेव्हा तुमच्या नेहमीच्या दहा गिऱ्हाइकांची उधारीची पाने उघडून पाहा. गेल्या वर्षीच्या मानाने उधारी वाढली की कमी झाली? त्या पानांवर जे दिसेल, त्यावरून पुढच्या हंगामाचा माल भरा.